भाड्याची गाडी राज्याच्या सीमेपार नेताना
हेमलकशाच्या वाटेवरील गाडीमालक, चालक व प्रवाशांसाठी काही आवश्यक माहिती

दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्ट्या लागल्या की नागपूर, चंद्रपूर व बल्लारपूर येथील गाडीमालकांकडे हेमलकशाची भाडी येऊ लागतात. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी भामरागडजवळच्या या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्याने माडिया गोंड बांधवांसाठी तेथे दवाखाना व शाळा उभी केली. २००८ साली या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि हेमलकशाचे नाव सर्वदूर पोहोचले. आज प्रकल्प पाहण्यासाठी, वन्य प्राण्यांचे अनाथालय पाहण्यासाठी आणि भामरागडचा त्रिवेणी संगम पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे येतात. रेल्वे बल्लारशाहपर्यंतच आहे. पुढचा सारा प्रवास रस्त्याचा. त्यामुळे भाड्याच्या गाडीवर पोट असणाऱ्या अनेक घरांना या वाटेने रोजी मिळते. आपल्या समाजातील कितीतरी तरुण या धंद्यात आहेत.

आमच्या परिचयातील बल्लारपूरकडील अशाच एका तरुणाची हकीकत या लेखाला निमित्त झाली आहे. त्याने कर्ज काढून सात आसनी गाडी घेतली. पासिंग खासगी, म्हणजे पांढऱ्या पाटीचे. "घरची गाडी आहे, कधीमधी भाडे मारले तर काय बिघडते?" हा त्याचा विचार. एक पार्टी दोन दिवसांसाठी हेमलकशाला नेली. परतताना आलापल्लीला चहा पिताना पार्टीतील वडीलधारे म्हणाले, "भाईजान, इथवर आलोच आहोत तर कालेश्वरम करून येऊ. किलोमीटर तर शिल्लकच आहेत!" याने होकार दिला. सिरोंचाहून गोदावरीचा पूल ओलांडला, तेलंगणात शिरला आणि काही अंतरावर एका मोटारसायकलस्वाराला धक्का लागला. त्या गरीब माणसाचा पाय मोडला. विमा होता, तरीही पुढचा सारा भार या तरुणाच्या डोक्यावर आला. गाडी बराच काळ पोलीस ठाण्याच्या आवारात उभी राहिली आणि हप्ते मात्र चालूच राहिले.

चूक त्याच्या हातून नकळत झाली. परंतु कायदा नकळत आणि जाणूनबुजून असा भेद करीत नाही. म्हणून हा विषय जरा सविस्तर मांडण्याचे आम्ही ठरविले.

सीमा कोठे कोठे लागते?

हेमलकसा हे महाराष्ट्राच्या अगदी कडेला आहे. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिन्ही नद्या भामरागडजवळ एकत्र येतात आणि इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगढ आहे. १ नोव्हेंबर २००० पूर्वी हा भाग मध्य प्रदेशात होता. दक्षिणेला प्राणहिता आणि गोदावरीच्या पलीकडे तेलंगण. हे राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. त्याआधी तेथे आंध्र प्रदेश होता. म्हणजे जुन्या जाणत्या चालकांच्या डोक्यातील "एमपी" आणि "आंध्रा" ही दोन्ही नावे आता कागदावर चालत नाहीत. कर भरताना चुकीचे राज्य निवडले तर पैसे गेले आणि काम झाले नाही अशी गत होते.

आलापल्ली हा या भागातील खरा चौक. येथून हेमलकसा साठ किलोमीटरच्या आसपास, तर सिरोंचा शंभरच्या आसपास. सिरोंचाहून गोदावरीच्या पुलावरून कालेश्वरमला जाता येते. तेथूनच इंद्रावती ओलांडून भोपालपट्टणम, बिजापूरमार्गे जगदलपूर गाठता येते आणि जगदलपूरजवळचा चित्रकोट धबधबा पाहता येतो. चंद्रपूरहून राजुरामार्गे आसिफाबादला जाणारा रस्ताही तेलंगणात उतरतो. पूर्वी नद्यांवर पूल नव्हते, तेव्हा सीमा ओलांडण्याचा प्रश्न नावाड्याशी मिटत असे. आता पूल झाले, गाडी दोन मिनिटांत पलीकडे जाते. नेमका येथेच घोटाळा होतो. पूल ओलांडल्याचे चालकाला जाणवत नाही, पण गाडीच्या कागदपत्रांना ते लगेच लागू होते.

पाटीचा रंग पाहा

मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्यानुसार भाडे घेऊन प्रवासी नेणारे वाहन हे परिवहन वाहन ठरते आणि त्याला कलम ६६ प्रमाणे परवाना लागतो. ओळख अगदी सोपी आहे.

पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. ती मालकाने स्वतःच्या व कुटुंबाच्या कामासाठी देशभर कोठेही न्यावी, परवाना लागत नाही. मात्र तिच्यातून भाडे घेता येत नाही.

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याने दिली जाणारी गाडी. चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंत मोटारकॅब, त्याहून जास्त व बारापर्यंत मॅक्सीकॅब.

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे चालकाशिवाय, ग्राहकाने स्वतः चालविण्यासाठी दिली जाणारी गाडी. हा धंदा १९८९ च्या रेंट-अ-कॅब योजनेखाली चालतो. तिच्या परवान्यासाठी किमान ५० गाड्यांचा ताफा लागतो. म्हणजे एक-दोन गाड्या असणाऱ्या आपल्यासारख्या मालकाने ओळखीच्या माणसाला पैसे घेऊन किल्ली देणे हे या योजनेत बसत नाही. मैत्रीत दिली तर गोष्ट निराळी. पैसे घेतले की ते भाडे झाले.

वीजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते. तीवरही खासगीला पांढरी आणि भाड्याच्या गाडीला पिवळी अक्षरे असतात.

परवाना कोणता आणि तो कोठवर चालतो?

पिवळी पाटी असली म्हणजे सारा हिंदुस्थान मोकळा झाला, असा एक गैरसमज या धंद्यात रूढ आहे. प्रत्यक्षात परवाना ज्या क्षेत्रासाठी दिला असेल तेवढ्यातच तो चालतो. एमएच-३४ म्हणजे चंद्रपूर किंवा एमएच-३३ म्हणजे गडचिरोलीची गाडी राज्यापुरत्या परवान्यावर असेल तर तिने हेमलकशाला खुशाल जावे. सिरोंचाचा पूल मात्र तशीच ओलांडू नये.

सीमेपार जाण्याचे दोन सरळ मार्ग आहेत. पहिला, अखिल भारतीय पर्यटक परवाना, ज्याला आपण टुरिस्ट परमिट म्हणतो. कायद्याच्या कलम ८८(९) मध्ये त्याची तरतूद आहे. १ मे २०२३ पासून त्यासाठी नवे केंद्रीय नियम लागू झाले. अर्ज संगणकावरून करायचा, शुल्क तेथेच भरायचे, आणि परवाना देशभर चालतो. वीजेवरील गाड्यांना या परवान्याचे शुल्क माफ आहे. या परवान्याच्या गाडीत प्रवाशांची यादी, कोण कोठून चढले व कोठे उतरणार यासह, सतत सोबत ठेवावी लागते. ती कागदावर असो वा मोबाईलमध्ये. बहुतेक चालक नेमके हेच विसरतात.

दुसरा मार्ग विशेष परवान्याचा, कलम ८८(८) खाली. वर्षातून एखाद-दुसरीच पार्टी बाहेरच्या राज्यात जात असेल तर देशभरच्या परवान्याचा खर्च परवडत नाही. अशा वेळी ठरलेल्या पार्टीसाठी, ठरलेल्या प्रवासापुरता हा परवाना घेता येतो. त्यासाठी प्रवास आधी ठरलेला असला पाहिजे. आलापल्लीला चहा पिताना सुचलेल्या बेतासाठी तो ऐनवेळी हाती येईल या भरवशावर राहू नये.

परवान्याशिवाय भाडे नेताना पकडले गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९२-अ प्रमाणे पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कलम २०७ खाली गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकारही अधिकाऱ्यांना आहे. दंडापेक्षा हे अडकवून ठेवणेच जास्त महाग पडते. पार्टी रस्त्यावर उभी राहते, पुढची भाडी बुडतात आणि नाव खराब होते ते वेगळेच.

कराचे काय?

केंद्राच्या नियमांमागील हेतू असा की, पर्यटक परवान्याचे शुल्क भरले म्हणजे प्रत्येक राज्यात वेगळा कर भरावा लागू नये. तथापि दक्षिणेकडील काही राज्यांनी तरीही कर मागितल्याने वाद झाले व प्रकरणे न्यायालयात गेली. देशभरचा परवाना नसेल तर त्या राज्याचा कर भरावाच लागतो. तो आता परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर चेकपोस्ट टॅक्स या सदरात आगाऊ भरता येतो. रस्त्यात नाका दिसला नाही म्हणजे कर नाही, असे समजू नये. तपासणी कोठेही होऊ शकते.

आमची सूचना अशी की, हा कर निघण्यापूर्वी घरूनच भरावा आणि पावती छापून गाडीत ठेवावी. जंगलात मोबाईलला रेंज मिळेलच याची शाश्वती नसते.

विम्याचा खरा अर्थ

सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. विम्याचा कागद आपण डब्यात ठेवतो, वाचत नाही. खासगी गाडीच्या पॉलिसीवर वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. गाडी भाड्याने किंवा मोबदला घेऊन वापरल्यास हे संरक्षण लागू नाही, असा त्यांचा आशय असतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाडे मारताना अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा बहुधा फेटाळला जातो.

मग जखमी झालेल्या तिऱ्हाइताचे काय? २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अमृत पाल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात परवान्याशिवाय रस्त्यावर आणलेल्या वाहनाचा प्रश्न निकाली काढला. परवाना नसणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, ती किरकोळ तांत्रिक चूक नव्हे, असे न्यायालयाने ठरविले. विमा कंपनीने पीडिताला आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, ही व्यवस्था न्यायालयाने कायम केली. याचा साधा अर्थ असा की, जखमीच्या घरच्यांना पैसे मिळतील आणि ते शेवटी मालकाच्या खिशातून जातील. कायद्याने पीडिताला वाऱ्यावर सोडले नाही ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु लाखोंची भरपाई एका गाडीवर जगणाऱ्या घराला कशी झेपावी?

विम्यासंबंधी आपल्या समाजात उलेमांची वेगवेगळी मते आहेत, त्या चर्चेत आम्ही येथे जात नाही. तृतीय पक्षाचा विमा कलम १४६ ने सक्तीचा आहे, तेव्हा तो घ्यावाच लागतो. घ्यायचाच आहे तर तो वेळेला उपयोगी पडेल असा, म्हणजे गाडीच्या खऱ्या वापराचा असावा एवढेच आमचे म्हणणे.

चालकांना दिलासा देणारी एक गोष्टही सांगितली पाहिजे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की, हलक्या वाहनाचे लायसन्स असलेला चालक ७,५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाचे परिवहन वाहनही चालवू शकतो. केवळ लायसन्सवर वेगळी नोंद नाही या कारणाने दावा नाकारण्याचा रस्ता त्यामुळे बंद झाला. लायसन्सची मुदत मात्र संपलेली नसावी.

पार्टी आणि मालक यांच्यातील करार

आता पुन्हा त्या चहाच्या टपरीवर येऊ. पार्टी सीमेपार जाण्याचा आग्रह का धरते? कारण या धंद्यात बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटर किमान धरण्याची रीत आहे. चंद्रपूरहून हेमलकसा जाऊन-येऊन साधारण चारशे किलोमीटर पडते. दोन दिवसांचे पैसे सहाशे किलोमीटरचे. ग्राहकाला वाटते, उरलेले दोनशे आपले हक्काचे. हिशेबाच्या दृष्टीने तो खोटा नाही. पण त्याने किलोमीटर विकत घेतले आहेत, दुसऱ्या राज्याचा परवाना नव्हे. हा फरक गाडी सुटण्यापूर्वी समजावून सांगणे मालकाचे काम आहे. वाटेत सांगितले की ते अडवणूक केल्यासारखे वाटते.

सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपण सारे जाणतो. भाड्याच्या व्यवहाराला फिकहमध्ये इजारा म्हणतात. इमाम मरगीनानी यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात याविषयी एक मसला आहे. एखाद्याने हिरा या गावापर्यंत जाण्यासाठी जनावर भाड्याने घेतले, पण तो पुढे कादिसियापर्यंत गेला. नंतर तो हिरापर्यंत परतही आला आणि तेथे जनावर मेले. तर त्याची भरपाई भाड्याने घेणाऱ्यावर येते. ठरलेल्या मर्यादेत असेपर्यंत ते जनावर त्याच्याकडे अमानत होते. मर्यादा ओलांडली आणि जोखीम त्याची झाली. आठशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या या ग्रंथातील मसला आजच्या स्वतः चालविण्याच्या गाडीला तंतोतंत लागू पडतो. हिराच्या जागी हेमलकसा आणि कादिसियाच्या जागी कालेश्वरम वाचावे.

चालकासह गाडी असेल तर बेत बदलण्याचा निर्णय चालकाने एकट्याने घेऊ नये. मालकाला फोन करावा, परवाना व कर आहे का पाहावे, वाढीव रक्कम ठरवावी आणि दोघांच्या संमतीने पुढे जावे. यापैकी एकही गोष्ट होत नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे. नाराज झालेले गिऱ्हाईक पुन्हा येईल, अडकलेली गाडी लवकर सुटणार नाही.

करारासाठी वकील लागत नाही. एका कागदावर पुढील गोष्टी लिहून दोघांनी सही करावी : गाडीचा नंबर, प्रवाशांची नावे, निघण्याची व परतण्याची तारीख, कोणकोणती गावे, कोणते राज्य समाविष्ट व कोणते नाही, किमान किलोमीटर व पुढील दर, चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल, पार्किंग आणि परराज्याचा कर कोणी भरायचा. भांडणे बहुतेक शेवटच्या चार बाबींवरूनच होतात.

परदेशातही हीच रीत

हे केवळ आपल्याकडचे खूळ आहे असे नाही. आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या कोकणातील व इतर भागातील बांधवांना अनुभव असेल. अमिरातीत भाड्याने घेतलेली गाडी ओमानला न्यायची तर भाड्याच्या कंपनीचे ना-हरकत पत्र आणि ओमानसाठी वेगळा विमा लागतो. सौदी अरबस्तानातून १९८६ साली खुल्या झालेल्या किंग फहद पुलावरून बहरीनला जाताना गाडी आपल्या नावावर नसेल तर मालकाचे अधिकारपत्र दाखवावे लागते.

युरोपात बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी लोक स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा विमानतळावर उतरतात आणि भाड्याच्या गाडीने फ्रान्समधील डोंगरी गावांना जातात. त्या एकाच विमानतळाला स्विस आणि फ्रेंच अशा दोन बाजू आहेत. स्विस महामार्गांसाठी ४० फ्रँकचे वार्षिक स्टिकर लागते. फ्रेंच बाजूने घेतलेल्या गाडीवर ते असेलच असे नाही. उलट फ्रान्सच्या डोंगरी भागात २०२१ पासून १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात हिवाळी टायर किंवा साखळ्यांची सक्ती आहे. सीमा दिसत नाही, नियम बदलतो. सिरोंचाच्या पुलावर घडते तेच तेथेही घडते.

आपल्या देशातील खासगी गाडीची विमा पॉलिसीही भारताच्या हद्दीपुरतीच असते. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव किंवा पाकिस्तानसाठी जादा हप्ता भरून ती वाढवून घ्यावी लागते. गाडीने नेपाळला जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

वाटेवरची काळजी

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही दरवर्षीची कथा. तेव्हा जुलै ते सप्टेंबर भाडे घेताना परतीचा दिवस पक्का सांगू नये आणि अडकून पडल्यास मुक्कामाचा खर्च कोणाचा हे आधी ठरवावे. आलापल्लीला टाकी भरून घ्यावी, स्टेपनी तपासावी. जंगलातील रस्ता उजेडातच पार करावा. पोलिसांची तपासणी झाली तर चिडू नये. या भागाने फार सोसले आहे आणि ते आपल्याच सुरक्षेसाठी विचारतात. नोंदणी, परवाना, फिटनेस, विमा, पीयूसी आणि लायसन्स एकाच पाकिटात असले की काम पाच मिनिटांत होते. नव्या परिवहन वाहनाचे फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, ही तारीख घरातील कॅलेंडरवर लिहून ठेवावी.

प्रवाशांनाही आमची विनंती आहे. गाडी ठरविताना केवळ दर विचारू नका, पाटीचा रंग पाहा आणि परवाना विचारा. स्वस्तातली पांढऱ्या पाटीची गाडी घेतली तर अपघाताच्या वेळी भरपाईचा प्रश्न तुमच्याही कुटुंबापुढे उभा राहतो.

आमच्या परिचयातील त्या तरुणाने आता गाडीचे पासिंग बदलून घेतले आहे. खर्च झाला, हप्ता वाढला. पण परवा भेटला तेव्हा म्हणाला, "आता पूल ओलांडताना छाती धडधडत नाही." जखमी मोटारसायकलस्वाराच्या घरीही तो जाऊन आला. हलाल कमाई म्हणजे केवळ मेहनतीची कमाई नव्हे. ज्या व्यवहारात दुसऱ्याचा हक्क सुरक्षित राहतो तीच खरी हलाल कमाई. अल्लाह आपणा सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि प्रत्येक प्रवाशाला सुखरूप घरी पोहोचवो.